पगाह

दारावर थाप पडली तेव्हा सकाळचे साडेपाचही वाजले नव्हते. हकनझर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या शिळं नान चहात बुडवून खात होता. साठी उलटल्यापासून चारनंतर त्याचा डोळा लागत नसे. वहदतसारख्या लहान शहरात इतक्या लवकर कोणी कोणाच्या दारी येत नाही, आलंच तर कोणी गेल्याचं सांगायला येतं. राजधानीत, दुशंब्यात असलेली मुलगी, मॉस्कोत बांधकामावर असलेला जावई, गावाकडचा भाऊ, सगळे एकदम डोळ्यांसमोरून गेले आणि गंजीफ्रॉकवरच त्याने कडी काढली. जिन्यात त्याच्या वर्गातली परीगुल उभी होती. काळा कोट, घट्ट बांधलेला रुमाल, छातीशी धरलेली प्लास्टिकची फाईल. वर्गात दुसऱ्या बाकाशी उत्तर द्यायला उठते तशी पाय जुळवून उभी होती. काय झालं, म्हणून त्याने विचारलं तर तीच गोंधळली. "काही नाही, उस्ताद. तुम्हीच म्हणालात ना काल, कागद घेऊन पगाह या म्हणून."

तो म्हणाला होता खरा. काल वर्ग सुटताना मुलीचा फोन आला, एका हाताने फळा पुसत, फोन खांद्याशी दाबून तो परीगुलला म्हणाला होता, पगाह घरी या, तिथूनच निर्वासितांच्या कचेरीत जाऊ. इथे कोणालाही विचारा, पगाह म्हणजे उद्या. दुकानदार म्हणतो पगाह या, डॉक्टर म्हणतो पगाह या, आणि माणूस दुसऱ्या दिवशी सवडीने जातो. नदीच्या पलीकडच्या देशातून आलेल्यांना मात्र त्याच शब्दाने उजाडायच्या आधीची वेळ कळते. भाषा एक, शब्द एक, मध्ये फक्त नदी. हकनझर हा शब्द वापरत नसे. चाळीस वर्षं त्याने तो तोंडातून जाऊ दिला नव्हता. शाळेत रशियन शिकवताना, घरात, बाजारात, उद्यासाठी तो पुस्तकातला 'फर्दो' वापरी. बायको मोहिरा सुरुवातीला त्याची थट्टा करायची की माझा नवरा घरातही छापील बोलतो, मग तिलाही सवय झाली. काल तो कसा सुटला? आणि सुटला तो नेमका या बाईसमोर, जिला इथे येऊन सहाच महिने झाले होते. "या, आत बसा," तो म्हणाला, आणि शर्ट घालायला म्हणून आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसला. बटणं लागेनात.

ते १९८३ होतं, जूनचा शेवट. नदीपलीकडच्या बघलानमधलं सियाहचनार नावाचं गाव. तो बावीस वर्षांचा, विद्यापीठातून फारसी शिकून बाहेर पडलेला, आणि रशियन फौजेला तर्जुमान, म्हणजे दुभाषे, म्हणून तसलीच पोरं हवी होती. तंबूच्या कापडाला उन्हात येणारा रबरासारखा वास त्याला अजून मधूनच येतो, बसमध्ये, दवाखान्यात, कुठेही. कप्तानासमोर एक माणूस उकिडवा बसला होता. गुलाबुद्दीन नाव. पस्तिशीचा असेल. दाढीत गव्हाचा भुसा अडकलेला होता आणि तो काढावा की नाही असं त्याला होत असावं, कारण हात वर जाई आणि पुन्हा गुडघ्यावर येई. कप्तानाने विचारलं, वरच्या शेतात माणसं जमतात असं कळलंय, कधी येतात? हकनझरने ते गुलाबुद्दीनला त्याच्या भाषेत विचारलं. तो म्हणाला, पगाह येतात. अजून काही बोलायला त्याने तोंड उघडलं होतं, पण कप्तानाने हात वर केला आणि हकनझर त्याला म्हणाला, बस. मग कप्तानाकडे वळून रशियनमध्ये सांगितलं, उद्या येतील. एवढंच. पाव मिनिटाचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी छावणीत एक शिपाई त्याचे केस कापत होता तेव्हा टेकडीपलीकडून गोळीबाराचा आवाज आला. मशीन थांबली, दोघांनी कान दिला, मग मशीन पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी कप्तानाने त्याच्या हातावर गोड दुधाचा डबा ठेवला आणि म्हणाला, तुझा माणूस खरं बोलला, सोडून दिला त्याला. हकनझरने डबा उघडून बोटाने दूध खाल्लं. माणूस सुटला ही गोष्ट त्याने तेव्हापासून जपून ठेवली होती. इतर काही आठवलं की तो तिच्याशी येऊन थांबे. निदान तो तरी सुटला.

कचेरीत दहाची वेळ होती. चार तास परीगुल त्यांच्या बैठकीत बसून राहिली. मोहिराने तिला दुधाचा खारा चहा आणि कुलचा दिला, मुलीची चौकशी केली. परीगुलची अकरा वर्षांची यलदा शेजारणीकडे होती. हकनझर मधूनमधून दारात येऊन तिला काय काय विचारतील ते सांगत होता, तारखा घोटून घेत होता. वर्गातही तो असाच. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस, फुकट, तीन वर्षं. लोक म्हणत हकनझर मुअल्लिमला, मास्तरला, पेन्शन पुरते, वेळ पुरत नाही. तो स्वतःलाही तेच सांगे की रिकामं बसवत नाही. पलीकडची ही बायामाणसं त्याच्यासमोर बसून इथली रशियन वळणाची, उलटीसुलटी वाटणारी अक्षरं गिरवत, तोंड वाकडं करून रशियन शब्द म्हणत, आणि तो त्यांच्या चुका दुरुस्त करी. दुरुस्त करताना त्याला बरं वाटे. इतकं बरं वाटणं बरं नव्हे, असंही कधी कधी वाटे, पण ते तो वहीसारखं मिटून ठेवी.

अधिकारी तिशीचा होता, कडक इस्त्रीचा, बोलायला गोड. कागद पाहून म्हणाला, ही तर आपलीच भाषा बोलते, मध्ये माणूस कशाला, आणि हकनझरला त्याने भिंतीकडच्या खुर्चीवर बसवून मध्ये बोलायचं नाही एवढी ताकीद दिली. परीगुल चांगली उत्तरं देत होती. तारखा चुकल्या नाहीत. नवरा कुठे आहे, यावर ती म्हणाली की पलीकडेच आहे, मामाकडे लपलेला, परदेशी दवाखान्याची गाडी चालवायचा म्हणून त्याला शोधताहेत. नदी ओलांडताना तो मागे राहिला. संपर्क आहे का? आहे. कसा? ती म्हणाली, "पगाह येतो, नदीवर." पुढे ती आणखी सांगणार होती. पण अधिकाऱ्याचं पेन थांबलं. "पगाह. नदीवर," असं तो स्वतःशीच म्हणाला, ते त्याने लिहून काढलं, आणि डावा हात पुढे करून टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलला. कोणाला तरी म्हणाला की नदीवरच्या चौकीला जोडून दे, आणि वाट पाहत राहिला. परीगुल त्याच्याकडे बघत होती. तिला वाटलं असावं की हा आपल्या कामाचाच काही फोन आहे.

हकनझरला रबराचा वास आला. खोलीत पंखा होता, खिडकी उघडी होती, वास कुठून येणार, तरी आला. त्याला दिसत होतं ते असं: उद्या उजाडताना नदीच्या काठावर एक माणूस उभा आहे, हातात फोन, अंगावर घोंगडी, आणि अलीकडच्या झाडीत बसलेल्या पोरांना आधीच सांगून ठेवलंय की आज एकजण येणार आहे. एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याला चाळीस वर्षांपासून पाठ होतं. रिसीव्हरमधून बारीक खरखर ऐकू येत होती. "उद्या नाही," तो म्हणाला. आवाज इतका लहान निघाला की अधिकाऱ्याने, तुम्ही काही म्हणालात का, असं विचारलं. "उद्या नाही, साहेब. पहाटे. त्यांच्याकडे पगाह म्हणजे पहाट. रोज पहाटे येतो म्हणतेय ती. फोनसाठी येत असेल. पलीकडच्याच काठावर."

"मुअल्लिम, तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"तिला विचारून बघा."

"मी तुम्हाला विचारतोय. तीन वर्षं बाराखडी शिकवली म्हणून त्यांची भाषा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला लागली?"

वर्गात ऐकलंय, असं सांगता आलं असतं. ते उत्तर तयार होतं, सोपं होतं. पण अधिकाऱ्याचा हात रिसीव्हरवरून हलत नव्हता. त्या हाताला ते उत्तर पुरलं नसतं. हकनझरने परीगुलकडे न बघता सांगितलं, "मी तर्जुमान होतो. फौजेत. ब्याऐंशी ते चौऱ्याऐंशी, बघलानला. हाच शब्द मी एकदा चुकीचा सांगितलाय. लोक मेले त्यात."

मग अधिकाऱ्याने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि परीगुलला सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं. ती म्हणाली, हो, रोज पहाटे. अलीकडच्या टॉवरची रेंज त्या काठावर मिळते. यलदाचा आवाज ऐकतो आणि जातो. हे सांगताना ती अधिकाऱ्याकडे बघत नव्हती. अधिकाऱ्याने ओळ खोडली, वर नवी लिहिली, कागद तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली, इथल्या अक्षरांत, हकनझरने शिकवली होती तशी.

बाहेर आल्यावर ती बसथांब्याकडे न वळता कालव्याच्या कडेने चालू लागली, त्याच्या तीन पावलं पुढे. तो मागून गेला. तुतीच्या झाडांखाली जमीन काळीनिळी झाली होती, बुटांना फळं चिकटत होती. बऱ्याच वेळाने तिने न थांबता विचारलं की किती लोक. त्याला माहीत नव्हतं. विचारलं नाहीत? नाही. चाळीस वर्षांत कोणालाच? नाही. मग ती थांबली आणि वळली.

"माझ्या बापाला नेलं तेव्हा मी तीन वर्षांची होते. तखारला. आई सांगायची, फौजेबरोबर आपल्यासारखं बोलणारा एक पोरगा होता. फार गोड बोलत होता म्हणे. घाबरू नका, म्हणत होता."

"मी तखारला नव्हतो."

"माहीत आहे. बघलान म्हणालात." तिने फाईल या हातातून त्या हातात घेतली. "एक सांगा. तेव्हा तुम्हाला तो शब्द कळला नव्हता, की कळला होता?"

हा प्रश्न त्याने स्वतःला इतक्या वेळा विचारला होता की त्याची उत्तरंही झिजली होती. तो नवा होता. कप्तान घाईत होता. आपल्या घरी पगाह म्हणजे उद्याच म्हणतात. यातलं प्रत्येक खरं होतं. पण आपल्याकडेसुद्धा शेवटी एक ई लावली की पगाही होते आणि पगाही म्हणजे सकाळ, हे त्याला आईच्या दुधाबरोबर माहीत होतं. आणि त्या माणसाच्या दाढीत भुसा होता. कापणीचे दिवस होते, त्या गावात उन्हाच्या भीतीने माणसं अंधारात विळे घेऊन निघतात, हे त्याने रोज पाहिलं होतं. शब्द कानावर पडला तेव्हा दोन्ही अर्थ एकदमच समोर आले होते. पहाटे म्हणजे रोज कामाला येणारी माणसं, उद्या म्हणजे ठरवून जमणारी टोळी; पहिला अर्थ विचारून घ्यावा लागणार होता, दुसरा तयार होता. तो परीगुलला म्हणाला, "आठ महिने झाले होते मला तिथे."

तिला तेवढं पुरलं. तिने त्या माणसाचं नाव विचारलं, गावाचं विचारलं. त्याने सांगितलं; गुलाबुद्दीन हे नाव त्याने त्या तंबूनंतर पहिल्यांदा उच्चारलं. बघलानची माणसं इथे आहेत, ती म्हणाली, मी विचारते. कोणी सापडलं तर शुक्रवारी नमाजानंतर घेऊन येईन. "घरी असाल ना?"

"असेन," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वर्ग होता. ती येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ती आली, दुसऱ्या बाकावर बसली, वही उघडली. हजेरी घेताना तिच्या नावाशी तो अडखळला तर ती नुसतं म्हणाली, "आला फोन." बाकीच्यांना काही कळलं नाही. पुढचा दीड तास तो पहिल्या आणि तिसऱ्या बाकाकडे बघून शिकवत राहिला. तिने सगळी वाक्यं बरोबर लिहिली होती, त्याने खाली बरोबरची खूण केली. तिला शिकायचं होतं आणि इथे शिकवणारा तोच होता. ती जाता जाता रोजच्यासारखं उस्ताद म्हणाली नाही.

पहिल्या शुक्रवारी ती एकटीच आली, दारातूनच म्हणाली, अजून नाही. दुसऱ्या शुक्रवारी तेच. तिचा इथे राहण्याचा कागद सहा महिन्यांसाठी वाढवून मिळाला होता, तेही तिने दारातूनच सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात मुलीने नातीच्या वाढदिवसाला दुशंब्याला बोलावलं तेव्हा हकनझर म्हणाला, शुक्रवारी मला जमणार नाही. मोहिराने हातातलं पातेलं खाली ठेवलं. ती चाळीस वर्षं या माणसाबरोबर राहिली होती, नातीपेक्षा मोठं त्याच्याकडे काही नाही हे तिला माहीत होतं. "त्या बाईचं आणि तुमचं काय आहे?" तिने सरळ विचारलं. तो म्हणाला, कागदपत्रांचं काम आहे. मोहिरा एकटीच गेली. तिने केकचा तुकडा आणून त्याच्यापुढे ठेवला आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. सांगावंसं त्याला वाटलं, त्या दोन दिवसांत अनेकदा. तो तिच्या मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत जाई, पाणी पिई, परत येई. गावाकडे भावाच्या घरी महिनाभर जाऊन राहता आलं असतं. थंडीपर्यंत परीगुल दुसऱ्या गावी हलली असती, किंवा कॅनडाला गेली असती, सगळे जातात तशी. हे त्याने मनात पूर्ण आखलं, बॅग कुठली घ्यायची इथपर्यंत, आणि शुक्रवारी दाढी करून बैठकीत बसून राहिला.

चौथ्या शुक्रवारी जिन्यात काठीचा आवाज आला. एकेक पायरी, मध्ये थांबत. दार मोहिराने उघडलं. परीगुलबरोबर एक म्हातारा होता. म्हातारा म्हणजे हकनझरहून पाच-सहा वर्षांनी लहानच, पण दात गेलेले आणि पाठ मोडलेली. शेर आगा, परीगुल म्हणाली, सियाहचनारचे. मोहिराने दस्तरखान अंथरलं, चहा, बदाम, नान ठेवलं आणि नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघून आत गेली. म्हाताऱ्याने नानाला हात लावला नाही. त्याने खोलीभर नजर फिरवली, पुस्तकांचं कपाट, नातीचा फोटो, आणि मग बोलायला लागला, कोणी विचारायची वाट न बघता, हळू, जणू हे सगळं त्याने येताना जिन्यातच जुळवून आणलं होतं. नऊ जण. कापणीचे. त्याचा थोरला भाऊ त्यात होता. तो स्वतः सोळा-सतरा वर्षांचा, पाणी आणायला ओढ्यावर गेला होता म्हणून राहिला. आणि संध्याकाळी गुलाबुद्दीन छावणीतून परत आला. अंगावर एक ओरखडा नाही. फौजेने पकडलेला माणूस असा परत येतो का? गावाने ओळखलं की यानेच सांगितलं. तो शपथा घेत होता, मी काही बोललो नाही, मी फक्त कामाला येतात म्हणत होतो, कुराणावर हात ठेवायला तयार होता. "तिसऱ्या दिवशी त्याला मारलं," शेर आगा म्हणाला. "कोणी मारलं ते मला विचारू नका. बायकोला आणि पोराला गावाबाहेर काढलं. त्या पोराला अजून बघलानमध्ये फितुराचा मुलगा म्हणतात."

निदान तो तरी सुटला. हे वाक्य इतकी वर्षं हाताशी होतं, रात्री उशाशी घेऊन झोपता येत होतं, आणि आता त्याच्याकडे ते नव्हतं. त्याने चहाची पियाली उचलली आणि न पिताच परत ठेवली. परीगुल खिडकीजवळ बसली होती. ती त्याला वाचवायला आली नव्हती आणि बुडवायलाही आलेली दिसत नव्हती. तिने माणूस शोधून आणला होता, एवढंच.

"ही म्हणते, तुम्ही होतात तिथे," शेर आगा म्हणाला. "तो काय म्हणाला ते सांगा. तुमचं नको, रशियन नको. त्याच्या तोंडचं."

"पगाह येतात. एवढंच म्हणाला. अजून बोलणार होता, मी त्याला बस म्हटलं. आणि कप्तानाला सांगितलं, उद्या येतील."

म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी घेतली. तो शब्द त्याने तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा घोळवला, त्याच्या गावाच्या चालीने, मग इथल्या चालीने. डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि तिच्याकडे बघत राहिला. त्याचे हात कामाने फुगलेले, मोठे होते. ते टोपीच्या दोन बाजूंना पडून होते आणि त्यांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. मग तो परीगुलला म्हणाला, "लाव फोन."

गुलाबुद्दीनचा मुलगा बघलानमधल्याच पुलेखुम्रीत पंक्चरचं दुकान चालवत होता. नंबर परीगुलने महिनाभर फिरून मिळवला होता. शेर आगा त्याच्याशी आयुष्यात कधी बोलला नव्हता आणि आताही बोलणार नव्हता. त्याने हातानेच सांगितलं, यांच्याकडे दे. फोन हकनझरच्या हातात आला. पलीकडे हवा भरायच्या यंत्राचा आवाज होता, मग तो बंद झाला. कोण, पुरुषी आवाजाने विचारलं. हकनझरने नाव सांगितलं, आपण कोण होतो ते सांगितलं, त्याच्या बापाचं नाव घेतलं. फोन कट होईल असं वाटलं. मग त्याने सांगितलं की तुमच्या वडलांनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं. कापणीची माणसं पहाटे येतात, एवढं ते म्हणाले होते. उद्या असं मी सांगितलं. ते माझं होतं, त्यांचं नव्हतं. सुटले तेही माझ्यामुळे.

पलीकडे कोणीतरी गिऱ्हाईक काही विचारत होतं. श्वास ऐकू येत होता, लांबचा, खरखरीत. हकनझर शिव्यांची वाट बघत होता. शिव्या आल्या असत्या तर त्याने त्या ऐकून घेतल्या असत्या, त्याची तयारी झाली होती.

"थांबा," मुलगा म्हणाला. पावलं वाजली, दार वाजलं, एक कोंबडी फडफडली. "आई आहे इथे. तिला कमी ऐकू येतं. मी फोन तिच्या कानाला लावतो. पुन्हा सांगा. मोठ्याने."

हकनझर उठून उभा राहिला आणि आत मोहिरालाही स्पष्ट ऐकू जाईल एवढ्या आवाजात पहिल्यापासून सांगू लागला.